राजीनामा द्यायलाच हवा

तपासनीस रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बिल्डिंगमध्ये त्यांना अजून सगळे तपासनीसच म्हणत. नोकरीत असताना ते लिफ्ट तपासायचे. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत शिरायचं, दोर हातानं चाचपायचे, ब्रेक लावून बघायचा आणि मनासारखं नसेल तर लिफ्टला सील ठोकून जिन्यानं खाली उतरायचं. दहाव्या मजल्यावरचे लोक शिव्या द्यायचे. तपासनिसांना त्याचं काही वाटायचं नाही. "शिव्या खाईन, पण कुणाची हाडं मोडू देणार नाही," असं ते म्हणायचे. त्यांनी पास केलेली एकही लिफ्ट कधी पडली नाही, हेही खरंच होतं.

रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते बातम्यांच्या मागे लागले. सकाळच्या चहाला एक चॅनल, जेवताना दुसरं, संध्याकाळी चर्चा. पडद्यावरच्या चौकटींमध्ये माणसं एकमेकांवर ओरडत असायची आणि सोफ्यावरून तपासनीस त्या सगळ्यांवर ओरडत असायचे. कुठं पूल खचला, कुठं औषधात भेसळ निघाली, कुठं पाण्याच्या टाकीत काय सापडलं, कशावरही त्यांचा निकाल ठरलेला. "राजीनामा द्यायलाच हवा! दुसरं काही नको, आधी राजीनामा!"

त्यांच्या बायकोला बिल्डिंग मावशी म्हणायची. त्यांनी त्याच हॉलमध्ये अनेक वर्षं पाळणाघर चालवलं होतं आणि बिल्डिंगमधली निम्मी पोरं त्यांच्या खांद्यावर झोपून मोठी झाली होती. नवरा ओरडत असताना त्या शेजारच्या खुर्चीत बसून कशाची तरी शिवण उसवत किंवा घालत असायच्या. कुणी विचारलं, तुम्हाला त्रास नाही का होत, तर म्हणायच्या, "रडणाऱ्या पोरांमध्ये आयुष्य गेलंय माझं. हे त्यातलंच एक. दमलं की झोपतं."

एका दुपारी बातमी आली की कुठल्याशा सरकारी इमारतीतली लिफ्ट कोसळली. आत माणसं होती. मंत्री कॅमेऱ्यापुढं उभे राहून सांगत होते की सगळ्या तपासण्या वेळेवर झालेल्या होत्या. तपासनीस उठून उभे राहिले.

"वेळेवर झालेल्या? अरे, दोर काय एका रात्रीत तुटतो का? आधी एक तार सुटते, मग दुसरी! दिसतं ते! बघणाऱ्याला दिसतं!"

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्यांनी टीव्हीचं टेबलच धरलं. मावशींनी त्यांना धरून खाली बसवलं, पाणी दिलं आणि दुसऱ्या हातानं टीव्ही बंद केला. नेहमीच्या डॉक्टरांनी प्रेशर बघितलं आणि भुवया उंचावल्या.

"काका, दोन गोष्टी. बातम्या बंद करा आणि एकदा सगळ्या तपासण्या करून घ्या."

"दुसरी करतो," तपासनीस म्हणाले.

संकटं कधी एकटी येत नाहीत, निदान त्यांच्या घरात तरी तसंच चाललं होतं. डॉक्टरांकडून घरी येतात तो दारात खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई उभ्या. या बाई एकट्या राहायच्या आणि घरीच मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. त्यांच्या हातात ओली झालेली वही होती.

"काका, तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या छतातून गळतंय. मुलं बादलीभोवती बसून गणितं करताहेत. पेपर काढले तर शाई पसरते."

तपासनीस तेव्हाच खाली गेले, खुर्चीवर चढून छताला हात लावून आले आणि निदान केलं. बाथरूमच्या फरशीखालचा मोरीचा पाइप फुटलाय. फरशी उखडावी लागणार. बोलावलेल्या गवंड्यालाही तसंच वाटलं. ठरलं. एकीकडे तपासण्या, एकीकडे तोडफोड, आणि टीव्ही काही बंद झाला नव्हता, फक्त आवाज थोडा कमी झाला होता.

तपासणी केंद्रात जायच्या दिवशी तपासनीस उपाशीपोटी आणि त्यामुळं आणखीनच चिडलेले होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "दोघांचंही एकदमच करून घेता का? सोनोग्राफीचं मशीन मोकळं आहे."

"मला काय धाड भरलीय?" मावशी म्हणाल्या.

"आलीच आहेस तर घे करून," तपासनीस म्हणाले. "मागाहून परत हेलपाटा नको. आणि ते पोट फुगतं, फुगतं म्हणून सोडा पीत असतेस, ते तरी कळेल."

"ते गॅसेस आहेत."

"मग गॅसेस निघतील."

मावशींनी चपला काढल्या आणि पडद्यामागं गेल्या. तपासनिसांनी तेवढ्या वेळात वजनाच्या काट्यावर दोनदा उभं राहून बघितलं, दोन्ही वेळा वेगळं वजन आलं आणि त्यांनी काउंटरवर जाऊन त्यावरून वाद घातला.

रिपोर्ट आले त्या दिवशी घरात बोलायची सोय नव्हती. गवंडी बाथरूममध्ये घण घालत होता, धुरळा पार स्वयंपाकघरापर्यंत आला होता, डब्यांवर, गॅसवर, चहाच्या कपांवर सगळीकडं पांढरा थर. आणि हॉलमध्ये टीव्हीवर लिफ्टच्या अपघाताची चौकशी समिती बसली होती. तपासनिसांचे रिपोर्ट पाकिटात होते, साखर किंचित वर, बाकी ठणठणीत. मावशींचं पाकीट नव्हतंच. त्यांना फोन आला. त्यांनी तो एका कानाला लावून दुसऱ्या कानात बोट घातलं, गॅलरीत गेल्या, बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. आत येऊन त्या सोफ्याजवळ आल्या आणि काहीतरी बोलल्या. तपासनिसांनी मान हलवली, "बरं, बरं," म्हणाले आणि डोळे पडद्यावरच ठेवले.

त्यानंतर मावशी एकदा सकाळीच बाहेर जाऊन दुपारी परत आल्या. तपासनिसांना वाटलं, बँकेत गेली असेल. पुन्हा एकदा गेल्या, तेव्हा त्यांना काहीच वाटलं नाही, कारण उखडलेल्या फरशीखाली मोरीचा पाइप शाबूत निघाला होता. एवढं तोडून पाणी कुठून येतंय ते कळत नव्हतं. गवंडी आणि ते दोघं खड्ड्यात वाकून बसले होते. वापरायला बाथरूम उरलं नव्हतं. शिकवणीच्या बाईंनीच सांगितलं की मुलं यायच्या आत माझ्याकडं येऊन आंघोळी उरकत जा. तेव्हापासून दोघं टॉवेल खांद्यावर टाकून जिना उतरायचे.

असेच एकदा आंघोळ करून निघताना बाईंनी तपासनिसांना चहाला थांबवलं. कप पुढं ठेवून त्या उभ्याच राहिल्या.

"काका, मावशींचं पुढं काय ठरलं? ऑपरेशन इथंच करणार की मोठ्या हॉस्पिटलमध्ये?"

तपासनिसांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कसलं ऑपरेशन?"

बाईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुम्हाला... मी त्यांच्याबरोबर गेले होते ना दोन्ही वेळेला. त्या म्हणाल्या, ह्यांचं प्रेशर आहे, ह्यांना धावपळ नको."

तपासनिसांनी चहा तसाच ठेवला. जिना चढून घरी आले. मावशी स्वयंपाकघरात ओल्या फडक्यानं डबे पुसत होत्या. त्या दिवसांत दिवसभर त्या तेच करायच्या, पुसून झालं की पुन्हा धुरळा बसायचा.

"मला का नाही सांगितलंस?"

मावशींनी लगेच ओळखलं कशाबद्दल ते. फडकं खाली ठेवलं.

"सांगितलं की."

"कधी?"

"फोन आला त्याच दिवशी. तुमच्याजवळ येऊन म्हटलं, अहो, माझ्या पोटात गाठ निघालीय, परत बोलावलंय. तुम्ही म्हणालात, बरं, बरं. मी म्हटलं, चांगली नसावी असं म्हणताहेत. तर तुम्ही म्हणालात, राजीनामा द्यायलाच हवा."

त्यांना ते म्हणताना हसू आलं. खरंच आलं. मग तपासनिसांचा चेहरा बघून ते विरलं आणि त्यांनीच पुढं होऊन स्टूल ओढून नवऱ्याला बसवलं.

"मग पुन्हा का नाही सांगितलंस? हातातला रिमोट फेकून द्यायचा होतास. माझ्या डोक्यात घालायचा होतास."

"पहिल्यांदा म्हणताना जीभ रेटत नव्हती," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्यांदा तेच कुठून म्हणू?"

गाठ अंडाशयात होती आणि तिथंच थांबलेली नव्हती. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या, घाई करत नव्हत्या. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या सावल्यांकडं पेनानं दाखवून त्यांनी सगळं समजावलं. आधी ऑपरेशन, मग केमो. तपासनीस पुढं वाकून ऐकत होते, जणू कुणी तरी त्यांना एखाद्या अपघाताचा पंचनामा वाचून दाखवतंय.

"दरवर्षी तपासलं असतं तर सापडलं असतं?"

"सांगता येत नाही. हा आजार लपून राहतो. दरवर्षी तपासून घेणाऱ्या बायकांमध्येही मी तो असाच पसरलेला पाहिलाय."

"पण आधी काही तरी दिसत असेल. पोट फुगायचं तिचं. वर्षभर म्हणत होती."

"पोट तर सगळ्यांचंच फुगतं, काका."

"म्हणजे कुणाची चूक नाही."

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाचीच नाही."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, आपण धीर देतोय. तपासनिसांना मात्र ते ऐकून पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. जन्मभर त्यांनी मानलं होतं की जे पडतं ते कुणाच्या तरी हलगर्जीपणानं पडतं. माणूस सापडतो, नाव सापडतं, सही सापडते. इथं कुणाला धरावं? घरी परतताना टॅक्सीत मावशीच बोलत होत्या, बाथरूमला कुठल्या रंगाच्या टाइल्स बसवायच्या त्याबद्दल. पांढऱ्या नकोत, डाग दिसतात.

त्याच आठवड्यात गळती सापडली. शेजारचा फ्लॅट कित्येक महिने बंद होता. मालक आला, कुलूप उघडलं, आत एका नळाचा पाइप भिंतीत गंजून ठिबकत होता. त्यानं पाण्याचा कॉक बंद केला आणि खाली शिकवणीच्या बाईंचं छत सुकायला लागलं. तपासनिसांच्या बाथरूमचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. धडधाकट फरशी त्यांनी उगाच फोडून ठेवली होती.

"आता काय करायचं?" गवंड्यानं डोकं खाजवत विचारलं.

"घालायची परत," तपासनीस म्हणाले. एवढंच. कुणावर ओरडले नाहीत. गवंडी दिवसभर वाट बघत होता की आता ओरडतील, मग ओरडतील.

ऑपरेशनसाठी लेक आली. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची, रजा काढून आली होती आणि आल्यापासून फोनवर कुणाकुणाला विचारत होती, दुसरा डॉक्टर, तिसरं मत, आणखी एक तपासणी. ती बापाचीच लेक होती. ऑपरेशन झालं, डॉक्टरीणबाईंनी जेवढं काढता आलं तेवढं काढलं, आणि मावशी घरी आल्या त्या निम्म्या होऊन. फरशी अजून व्हायची होती. टाइल्स आल्या नव्हत्या, मग चुकीच्या आल्या, मग गवंडी आजारी पडला. केमो सुरू झाल्यावरही कित्येक दिवस मावशींना आंघोळीला एक जिना उतरून जावं लागायचं. तपासनीस पुढं उलटे उतरायचे, एका हातात बादली आणि दुसरा हात बायकोच्या हातात. मध्येच मावशी पायरीवर बसायच्या. मग तेही बसायचे. तोवर मुलं येऊन बसलेली असायची, खालून त्यांचे पाढे ऐकू यायचे.

"तेराचा चुकला त्यानं," मावशी म्हणायच्या. "तेरा सत्ते एक्क्याण्णव."

या सगळ्या काळात टीव्ही बंद होता. तपासनिसांनी त्यावर कापड टाकून ठेवलं होतं, धुळीसाठी म्हणून. ते खुर्चीत बसून राहायचे, औषधांच्या वेळा बघायचे, सूप गाळायचे, उलटीचं भांडं धुवायचे. लेक परत गेली होती. घर इतकं शांत असायचं की फ्रिज सुरू झालेला आणि थांबलेला कळायचा.

एकदा संध्याकाळी मावशी आतून म्हणाल्या, "अहो, बातम्या लावा."

"कशाला? डोकं उठेल."

"लावा हो. तुम्ही ओरडत नाही तेव्हा मला भीती वाटते. वाटतं, डॉक्टरांनी तुम्हाला काहीतरी सांगितलंय आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय."

तपासनिसांनी कापड काढलं आणि टीव्ही लावला. तीच चौकटीतली माणसं. लिफ्टच्या चौकशीचा अहवाल आला होता, कुणीच दोषी सापडलं नव्हतं. एरवी या बातमीवर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. ते सोफ्याच्या कडेला बसले, घसा खाकरला.

"लाज नाही वाटत?" ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "चौकशी म्हणे! कुणाच्या डोळ्यांत धूळ... कुणाच्या..."

पुढं सुचेना. आतून आवाज आला, "राजीनामा."

"हां. राजीनामा द्यायलाच..." आणि त्यांना हुंदका फुटला. लग्न झाल्यापासून मावशींनी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. त्या भिंतीला धरून उठल्या, हॉलमध्ये आल्या, टीव्ही बंद केला आणि सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांच्या पाठीवर थोपटत राहिल्या, पाळणाघरातल्या पोराला थोपटावं तसं.

उन्हं तापायला लागली तेव्हा केमोचा शेवटचा डोस झाला. बाथरूमही झालं, फिकट निळ्या टाइल्स लावून. पुन्हा स्कॅन केलं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी पडदा त्यांच्याकडं वळवला नाही. म्हणाल्या, गाठी कमी झालेल्या नाहीत, यकृतावर नव्या दिसताहेत. दुसरं औषध आहे, जास्त कडक. देऊन बघता येईल. त्याआधी आणखी काही तपासण्या लागतील, एक सुईची, एक रक्ताची, आणि पुन्हा स्कॅन.

"आणि त्यानं?" मावशींनी विचारलं.

"काही महिने मिळतील कदाचित."

"असल्याच महिन्यांतले?"

"हो. बहुतेक असल्याच."

घरी आल्यावर मावशी पलंगावर पडल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "दार लावा आणि इथं बसा." दार लावण्याजोगं घरात तिसरं कुणी नव्हतं, पण त्यांनी लावलं.

"आता मला कुठंही तपासायला नेऊ नका."

"असं कसं? तपासल्याशिवाय कळणार कसं?"

"काय कळायचंय अजून?"

तपासनिसांनी वाद घातला. मोठ्या मोठ्या गोष्टी सांगितल्या, लेकीला फोन लावून दिला, लेक रडली, चिडली, म्हणाली आई, तू हार मानतेस. मावशींनी फोन तिचं बोलून होईपर्यंत कानाला धरून ठेवला. मग म्हणाल्या, "तू सुट्टी काढून ये. दवाखान्यात बसायला नको, माझ्याजवळ बसायला ये." फोन ठेवून त्यांनी डोळे मिटले. हाताच्या शिरा सुया टोचून टोचून काळ्यानिळ्या पडल्या होत्या. तपासनिसांनी तो हात उचलून मांडीवर घेतला आणि बोटांनी हलकेच मनगटापासून कोपरापर्यंत चाचपत गेले. जागोजाग टणक गाठी लागत होत्या. आणखी सुई घालायला जागा कुठं होती?

"दुखतं?"

"आता नाही."

सकाळी त्यांनी हॉस्पिटलला फोन केला. पलीकडची मुलगी घाईत होती.

"तपासण्यांची वेळ रद्द करायचीय," ते म्हणाले.

"पुढची तारीख देऊ?"

"नको."

"कारण काय लिहू, सर?"

तपासनिसांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. अशा वेळी माणूस काय सांगतो?

"पेशंटला घरी राहायचंय," ते म्हणाले.

"तसं कारण यादीत नाही, सर."

"मग तुम्हाला वाटेल ते लिहा, बाळ," तपासनीस म्हणाले आणि फोन ठेवला.

आत मावशी जाग्या होत्या. त्यांनी उशी पाठीशी घेतली होती.

"काय म्हणाले?"

"काही नाही. फार गर्दी आहे म्हणाले."

"बरं झालं. सुटलो," मावशी म्हणाल्या. "जरा पडदा सरकवा. आणि तुम्ही काही खाल्लंय का सकाळपासून?"

त्यांनी खाल्लं नव्हतं. ते स्वयंपाकघरात गेले, पावाच्या दोन चकत्या भाजल्या, एकीवर लोणी लावलं, दुसरीवर नुसती साखर भुरभुरली, मावशींना आवडायची तशी, आणि थाळी घेऊन पलंगाशी येऊन बसले. मावशींनी कोपऱ्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. बराच वेळ त्या तो तसाच चघळत राहिल्या. गिळवत नव्हता. तपासनिसांनी बघितलं आणि काही विचारलं नाही. आपल्या वाट्याची चकती ते सावकाश, शेवटपर्यंत खात बसले.